करंगळीखाली

माघात नंदुरबारची हवाच तिखट.
पथारींवर नजर पोचेल तिथवर लाल,
आणि ओपीडीत शिंकणाऱ्यांची रांग.
मीही शिंकतच केसपेपर लिहितो.

मथुराबाई माळी, वय बावन्न.
सोरायसिस. दोन्ही हातांवर, करंगळीखाली,
वर्खासारखे पापुद्रे.
वीस वर्षं मिरचीचे देठ खुडते,
रात्री खाजवते, सकाळी अंथरूण झटकते,
कोंडा किती निघाला ते मला पोत्यांत सांगते.

भाद्रपदात कुट्टीयंत्रानं डावा हात ओढला.
हाड वाचलं. कोपराजवळ एक नस तुटली;
रक्ताची नव्हे, निरोपाची.
धुळ्याच्या सर्जननं टाके घालून जोडली
आणि वाट बघायला सांगितलं.

आज टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवलेत.
उजव्यावर चट्टा तसाच, जाड.
डाव्यावर काही नाही.
लहान मुलीची असावी अशी कातडी.
मी टाचणी टोचतो, ती खिडकीबाहेर बघते.
"ह्या हातले मिरची आते वळखत नई."

मी समजावतो: मावशी, कातडीत पहारेकरी असतात.
आम्हाला वाटायचं, चोर ते स्वतःच ओळखतात.
पण त्यांना खेटून तंतूंची टोकं बसलेली,
पारावरच्या रिकामटेकड्यांसारखी.
जरा चुरचुरलं की कानाशी लागतात:
आला, आला.
मग चोर असो नसो, गाव उठतं,
काठ्या निघतात, आपलेच ओटे फुटतात.
डावीकडचा कानाला लागणारा गेला.
पहारेकरी झोपले.

"मंग उजवाबी तोडी टाका," ती हसते.
मग पदराआडून मनगट पुढे करते:
तव्याचा डाग, आठ दिवसांचा, ओला.
"भाजनं तव्हय समजनं नई. वासवर समजनं."
तो भरायला पुढे दीड महिना लागला.
निरोप नसला की गवंडीही येत नाहीत,
हे मी तिला सांगितलं नाही.

ज्येष्ठात आली. पथारी केव्हाच उठल्या होत्या,
आता घरोघर मसाला कुटायला जाते.
पाच दिवस झाले, करंगळीत मुंग्या.
आणि मुंग्यांच्या मागोमाग, त्याच जागी,
तिळाएवढा लाल ठिपका, वर पांढरी पापडी.
तिनं तो दाखवला
पहिलं बोंड फुटलेलं दाखवावं तसा.

मी मलमाचं नाव लिहायला घेतलं.
तिनं पेन धरलं, डाव्या हातानं, घट्ट नाही.
"ऱ्हाऊ द्या आठ दिन. खाजू द्या माले."

ती गेली. मी पुढचा पेशंट बोलावला,
विसरून डोळा चोळला
आणि माझं गाव उठलं.