रकाना नववा

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व देशांचे फॉर्म भरून मिळतील.
पाटीवरचं 'सर्व' माझं नव्हे,
पेंटरने जागा उरली म्हणून घातलेलं.

दुपारी सव्वातीनला आले शर्फुद्दीन तुंगेकर,
मोंबासाहून, खोबऱ्याचे तेलघाणे न्यायला.
शेजारच्या गाळ्यात त्यांचे दोन घाणे
हिरवा रंग वाळवत उभे होते.
गिअरबॉक्स मात्र बर्मिंगहॅमचा,
तो पारखायला आठ दिवस जायचं.
"तेवढा विजा भर गो बाय."

पासपोर्ट उघडला, तर ब्रिटिश.
सिंह, शिंगवाला घोडा, मुकुट,
सगळं जागच्या जागी.
म्हटलं, काका, घरी जायला परवानगी कसली?
त्यांनी चष्मा पुसला.
"घर नाय ते. वळचणीचा पास हाय."

जन्म अठ्ठावन्नचा. तेव्हा तिथे झेंडा त्यांचा.
झेंडा उतरला, शाळेत मिठाई वाटली,
नव्या देशाचा कागद भरायला दोन वर्षांची मुदत,
आणि बाप हर्णैत, बहिणीचं लग्न उरकून
जहाजाची वाट बघत बसलेला.
जहाज आलं. मुदत गेली होती.

रकाना नववा: नागरिकत्व.
यादी खाली ओढली तर नुसत्या ब्रिटिशचेच सहा प्रकार,
वाण्याकडे तांदळाचे असतात तसे.
"त्यातली कणी ती मी," म्हणाले,
आणि बोट ठेवलं, अगदी बरोबर ओळीवर.
सवयीचं बोट.

मग: तुम्ही परत जाल याचा पुरावा जोडा.
बँकेचे कागद झाले, आमंत्रणपत्र झालं,
मोंबासाचं लाइट बिल झालं.
त्यांनी खिशातून आगाऊ पैशांची पावती काढली.
"घाणे तिकडे जाणार. मी नाय गेलो
तर चालवील कोण, राणीचा सिंह?"
जोडली. पान सतरा.

फोटोसाठी टोपी काढली.
कपाळावर तिचा गोल वळ,
फोटोत तो आला. कान दिसतात, तेवढं पुरे.

संध्याकाळी खोकी ठोकली जात होती.
लाकडावर लाल अक्षरं: ठाणे ते मोंबासा.
पुढे काही भरायचं नव्हतं.

साडेचारशे झालेले, पाचशे देऊन गेले.
वरचे पन्नास मी डब्यात वेगळे ठेवलेत.
नाकारला,
तर पुन्हा पहिल्या रकान्यापासून भरावा लागतो.