काळा बर्फ

दर दहा, वीस, तीस तारखेला
तौनो इनारीच्या तळ्यावर जातो, बर्फाला भोक पाडायला.
हाताचं गिरमिट, आकडी लावलेली पट्टी,
कोटाच्या आत पेन्सिल, कारण शाई गोठते.
पांढरा बर्फ वेगळा मोजायचा, काळा वेगळा.
पांढरा वरवरचा, हिमाचा झालेला.
माणसाचं वजन पेलतो तो काळा.
एकतीस वर्षं. जलखात्याचं आभाराचं पत्र
फ्रीजवर आहे, चुंबकाखाली.

मंगळवारी आरोग्यकेंद्रातली वेन्ला आली,
मोजे ओले, मांडीवर फॉर्म.
गेल्या महिन्यात किती वेळा एकटं वाटलं?
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, नेहमी.
खूण एकाच चौकोनात.
तौनो सिंकपाशी मासे साफ करत होता.
सुरी थांबली.
मी म्हटलं, कधीच नाही.
सुरी पुन्हा चालू झाली.

ती गेल्यावर मी मापं शोधत बसले.
चिमूटभर म्हणावं, तर रात्रीला पुरून उरतं.
पलंगावर आमच्या मधे वीतभर जागा,
बेचाळीस वर्षांत तसूभर वाढली नाही;
हात घातला की तळ लागत नाही.

शनिवारी वीस तारीख. तो सौनात होता.
चष्मा शोधताना त्याची वही हाती लागली.
तारीख, पांढरा, काळा, वरचं हिम.
मागच्या पानांवर मात्र रोजची तारीख
आणि एकच रकाना, वर नाव नसलेला.
अकरा. सात. नऊ.
नोव्हेंबरात एकदा त्रेपन्न:
त्या दिवशी रेनडिअर अंगणात शिरून
माझ्या दोरीवरची चादर शिंगांवर घेऊन गेलं,
आणि मी धापा टाकत त्याला सांगत सुटले होते.
चार फेब्रुवारी, शून्य.
तो दिवस मला आठवतो. सकाळपासून
त्याच्याशीच तर बोलत होते,
मनातल्या मनात, भांडणासकट.

मंगळवारपुढे: एक.
शेजारी प्रश्नचिन्ह.

तो बाहेर आला, खांद्यांवरून वाफ निघत होती.
"सत्तेचाळीस," म्हणाला,
नेहमीसारखं, भिंतीला.
मी विचारलं, त्यातला काळा किती?
तो पंचा धरून उभाच राहिला.
"एकोणतीस."
मग पेन्सिलीसाठी खिसा चाचपू लागला.
खिसा नव्हता.