मालमत्तेची यादी

तालकाहुआनो बंदर. सकाळचे दहा.
धुकं अजून धक्क्यावरून उठलेलं नाही.
मलाकी ड्यूइगन, वय एकसष्ट,
अमेरिकेचा कॉन्सल,
चष्मा पुसतो, टाक बुडवतो.
समोर मेलेल्या खलाशाची पेटी.

देवमासे मारणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवरून पडला पोरगा.
टायग हॅनाफिन. गाव डिंगलच्याही पलीकडचं.

यादी करावी लागते, नियमच आहे तसा.
बूट, एक जोड, टाचा झिजलेल्या.
लोकरी सदरा, कोपरावर रफू
(टाके इतके जवळजवळ, आईचेच असणार).
जपमाळ. भिजलेली तंबाखू.
आणि मेणकापडात गुंडाळलेलं
वर्तमानपत्राचं कात्रण, पोराहून म्हातारं.

सोळा कडवी.
खाली सही: टिटवी.

आपल्याकडे टिटवी समुद्र आटवायला निघते.
त्याला ती गोष्ट ठाऊक नव्हती.
स्लायगोच्या छापखान्याच्या माळ्यावर,
बटाटे शेतातच काळे पडले त्या वर्षी,
त्याने नाव घेतलं दलदलीतल्या पाखराचं,
जे शिकारी आला की पंख मोडल्याचं सोंग करतं,
फरफटत जातं लांब,
पिलं वाचावीत म्हणून.

त्याची कविता म्हणत अकरा पोरं
भाले घेऊन पोलीसचौकीवर गेली.
तो त्याच रात्री
लाकूड नेणाऱ्या जहाजात, पोत्यांखाली.

पाखरू उडालं. पिलं तिथेच.

मग बॉस्टन. मग अग्रलेख,
कॉड माशाचे भाव, आगीच्या बातम्या,
निवडणुकीत योग्य माणसाची योग्य स्तुती,
आणि तिचं बक्षीस: ही खुर्ची, हा शिक्का,
खिडकीबाहेर चरबी उकळल्याचा वास.

तो कात्रण वाचतो, आधी घाईने,
परक्याचं पत्र वाचावं तसं.
नवव्या कडव्यात थांबतो.
कुणीतरी पेन्सिलीने
'तलवार' खोडून
'कुदळ' लिहिलंय.

अक्षर कच्चं. काना तिरका.
मेणबत्ती विझेस्तोवर त्या रात्री
हाच शब्द शोधत होता तो.

कारकून आरायाने दारातून विचारलं,
"साहेब, बंद करू पेटी?"

'छापील कागद, एक,' त्याने लिहिलं.
किंमतीच्या रकान्यात टाक जरा अडला.
एक ठिपका पडला, पसरला.
मग: 'काही नाही.'

मेणकापडाची घडी होती तशीच घातली.
गरुडाचा शिक्का मारला.
पेटी दुपारच्या जहाजाने गेली.

जेवताना आरायाने पाहिलं:
साहेबांचे ओठ हलत होते,
कुदळ, कुदळ,
आणि सूप गार होत होतं.