गाठी काढलेली काठी

आमच्या शाळेत काठी ठेवलेली नसायची.
ज्याची त्याने आणायची.
"जा, तुझी घेऊन ये," म्वांबेने गुरुजी म्हणायचे,
इतकं सहज, की वाटावं
पाणी प्यायला पाठवताहेत.

मी सात वर्षांची, सातच्याच पाढ्यात अडकलेली.
सात पाचपर्यंत ठीक. सात सक म्हटलं की
डोक्यात धुकं,
रुंग्वेच्या उतारावर असायचं तसलं,
अकरा वाजेतो न हलणारं.
त्या धुक्यात, हौदामागे एकटी उभी राहून
मी झाडं शिकले.

कॉफीची फांदी ताठ. लवकर मोडते,
पण मोडली की दुसरी आणावी लागते.
निलगिरीची लवते, गुंडाळली जाते बोटांभोवती.
केळीच्या पानाचा दांडा लागत नाही अजिबात,
पण तो नेला तर गुरुजी हसायचे
आणि स्वतः निघायचे आणायला.
ते निघाले की वर्गातले सगळे
आपापल्या हातांकडे बघत बसायचे.

राहिला पेरू.
पेरूला गाठी असतात.
डहाळी फुटायची होती आणि राहून गेली, तिथे गाठ.
वळ उतरतो. गाठीची खूण निळी पडते
आणि भांडी घासताना दुखते.
हे सुबिलागाने सांगितलं, ती एक वर्ग पुढे होती.
"दातांनी काढ," म्हणाली, "परत येतानाच.
अन् थुंकून टाक, नाहीतर कळतं."

म्हणून मी सावकाश यायचे, काठी चावत.
तुरट, ओली साल.
अजूनही पेरू खाताना
आधी ती चव लागते. गोडी नंतर.

गुरुजी वाईट नव्हते. लिहायला नको, पण लिहिते.
माझ्या भावाला ताप चढला तेव्हा
त्यांनीच सायकलवर घालून नेलं, रात्री, उतारावरून, बिनदिव्याचं.
आईने त्यांना शेंगदाणे पाठवले, माझ्याच हाती,
आणि निरोप: "पोरीला सोडू नका."
मी निरोप नीट पोचवला.
शब्द न् शब्द.

आता त्याच शाळेत मी शिकवते.
हौद गेला, काळी टाकी आली.
पेरूचं झाड आहे. वर दाट,
आणि खाली, लहान मुलांचा हात पोचेल तिथवर, बोडकं.

वर्गात एकोणऐंशी मुलं, बाक तेवीस.
मंगळवारी घसा बसला होता माझा.
मागे कोणीतरी डबा वाजवत होतं, वाजवतच होतं.
"लुसाजो," मी म्हणाले, "बाहेर जा."
एवढंच. बाहेर.
दारात उभा राहील, नाक पुसेल, येईल,
असं माझ्या मनात.

तो बऱ्याच वेळाने आला.
दोन्ही हातांवर आडवी धरलेली काठी,
पाहुण्यापुढे धरतात तशी.

मी घेतली.
का ते विचारू नका. समोर धरली, घेतली.
हाताला वजन ओळखीचं निघालं.
वर्ग गप्प झाला एका क्षणात,
आणि ती शांतता मला आवडली.
हेही लिहिते.

मग अंगठा आपोआप सरकत गेला काठीवरून.
गुळगुळीत.
प्रत्येक गाठीच्या जागी ओलसर, पांढुरका खड्डा,
आणि खड्ड्यात बारीक दात उमटलेले.
एके ठिकाणी दोन दातांच्या मध्ये फट,
कारण पुढचा एक त्याचा
गेल्याच आठवड्यात पडलाय.
हनुवटीला हिरवी साल चिकटली होती.
थुंकायचं माहीत होतं त्याला. पुसायचं राहिलं.

मी या वर्गात कधी काठी मागितलेली नाही.
शेजारच्या वर्गाला दार आहे, भिंत पातळ आहे.

"कोणी शिकवलं तुला हे?" मी विचारलं,
आवाज बसलेला, त्याला नीट ऐकू गेलं नसावं.
फळ्यावर सातचा पाढा होता, अर्धा पुसलेला.
त्याने एकदा तिकडे पाहिलं,
एकदा माझ्या हाताकडे.

"बेचाळीस," तो म्हणाला,
आणि तळवा पुढे केला.