तेवीसपट

शुक्रवार. रबाळे एमआयडीसीत वीज बंद.
आमच्या मजल्याला जनरेटर आहे
आणि मला पाणी पाच अंशांवर धरून ठेवायचंय.

दोन बाटल्या. एकीत साधं पाणी,
दुसरीत जड पाणी,
रंगाने, वासाने पहिल्याचं सख्खं भावंड.
फक्त त्याच्या हायड्रोजनच्या पोटात एक जादा कण,
ज्याचं काम एवढंच, की वजन असणं.

पुस्तक म्हणतं, जड असला तर अभिक्रिया मंदावेल,
सातपट. फार तर आठ.
माझ्या वहीत तेवीस आलेत.
पिपेट बदलली. बफर नव्याने केलं.
सातवलेकर मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर.
पुन्हा तेवीस.
एकदा साडेबावीस,
आणि त्या अर्ध्यानेच मला धीर आला.

दुपारी आप्पा डबा घेऊन आले.
तुर्भ्याच्या खाणीत एकतीस वर्षं.
उजव्या कानात आता फक्त
सुरुंगाआधीची शिट्टी उरलीय.
वॉचमनने सही मागितली. त्यांनी अख्खं नाव लिहिलं,
यल्लप्पा हणमंता धोत्रे,
मागे दोघं खोळंबलेले असताना, वेलांट्यांसकट.

मी सांगू लागले: आप्पा, मध्ये एक चढ असतो.
कणाकडे तो चढायची ताकद नसते.
तरी कधी कधी तो पलीकडे सापडतो.
"सुरुंग लावतो?"
नाही.
"मग भोक पाडत असंल."
भोकही नाही. चढ जसाच्या तसा,
एक खडा हललेला नसतो.
आप्पांनी भाकरी मोडली, चावली, गिळली.
"मग मुकादम ब्रास कशी मोजणार?"

खिडकीतून पारसिकच्या रांगेची कापलेली कूस दिसते.
पहार, घण, जिलेटिनच्या कांड्या, एक कान,
सगळं मोजून दिलेलं.
मला हसू आलं नाही.
म्हटलं, तो उंचीला तेवढा भीत नाही,
जाडी बघतो.
हे मात्र त्यांना लगेच पटलं.
"उंच कडा भ्या दावतो," म्हणाले,
"दमवतो तो जाड."

मग त्यांनी दोन्ही बाटल्या मागितल्या.
पाव लिटरच्या, सीलबंद.
जड पाण्याची किंमत आठवून
मी त्यांच्या हातांखाली हात धरले.
डोळे मिटून डावी तोलली, उजवी तोलली.
"ही."
बरोबर.
लेबलं लपवून, अदलाबदल करून पुन्हा दिल्या.
"ही."
तीनदा विचारलं, तीनदा बरोबर,
अर्ध्याचाही फरक नाही.

"ओझं घेऊन आलीय," ते म्हणाले,
"म्हणून अडती."

हो, म्हटलं.
पुढचं सांगायचं राहिलं,
की हलका पलीकडे जातो तेव्हा
त्याने काही जिंकलेलं नसतं.
अलीकडे होता, पलीकडे आहे,
भिंतीच्या आत तो कुणालाच दिसलेला नाही.
दहावीनंतर मी कशी इथवर आले
हे वस्तीत विचारतात, तेव्हा मीही
मधलं काही नीट सांगू शकत नाही.
आप्पा सांगू शकतील. ब्रासमध्ये.

जनरेटर खोकला, सावरला.
पाच अंश. मी घड्याळ लावलं.
आप्पा डबा विसळायला बेसिनकडे गेले,
नळ सोडला,
आणि विसळायचं विसरून
ओंजळीत साधं पाणी
वरखाली तोलत राहिले.