पेपर सहावा

एम.ए. भाग दोन, पेपर सहावा : जगाचा इतिहास.
आमच्या अभ्यासक्रमात जग सुरू होतं पॅरिसच्या एका तुरुंगापासून
आणि संपतं पंचेचाळीस साली,
म्हणजे आमची पाळी यायला दोन वर्षं असताना.
वर्गात अकरा जण. त्यातले चार रात्रपाळी करून आलेले,
भुवयांवर अजून सुताची लव.

मी त्यांना सांगते, सगळीकडे जग असंच नसतं.
तोक्योत इतिहासाची तीन दालनं केली होती :
एकात जपान, एकात पूर्व, एकात पश्चिम.
पूर्वेच्या दालनात जपान नाही,
त्याचा जिना वेगळा.
बीजिंगात जग म्हणजे
सगळ्यातून चीन वजा जाता उरतं ते.
जर्मन माणूस जगाचा इतिहास लिहायला बसला
की आधी शंभर पानं 'जग' या शब्दावर घालवतो.
अमेरिकेत एक तास असायचा,
अथेन्सहून निघून थेट त्यांच्याच अंगणात येऊन थांबणारा.
पुढे बाकांवरचे चेहरे बदलले,
मग कुरकुरत तासही बदलला.

"मॅडम, मग आपण कुठल्या दालनात?"
विचारते तय्यबा बागवान. दाराशी बसते ती,
साडेपाचची अक्कलकोट गाडी चुकू नये म्हणून.
मी म्हणते, पुढच्या तासाला बघू.
म्हणजे मला येत नाही.

तीस सालचा मार्शल लॉ
आमच्या चौकात चार पुतळ्यांइतका उंच आहे.
माझ्याकडच्या लंडनी ग्रंथात तो एक ओळ,
तीही कापसाच्या भावाखाली.

घरी अम्मा पाय पसरून बसलेली.
एकतीस वर्षं तिनं एमआयडीसीत टॉवेलच्या कडा मारल्या.
सोलापूरबाहेर गेली ती दोनदा, दोन्ही वेळा लग्नाला,
पण देश तिला मापावरून ओळखू येतात.
"जर्मनी? बोटभर कमी भरलं की अख्खा गठ्ठा परत.
जपानवाल्याला एवढुसा रुमाल,
पण टाके मोजणार, मोजून परत मोजणार.
अमेरिकेला चादरीएवढा पाहिजे, आणि कालच पाहिजे.
दुबईचा पांढरा, जाड,
हॉटेलातनं कुणीतरी पळवावा असा."
मग तेलुगूत, माझ्याकडे न बघता :
अंग तर सगळ्यांचं सारखंच ओलं होतं.

हे मी वहीत उतरवून घेतलं.
तळटीप काय देणार?
अम्मा, तोंडी, मोरीच्या उंबऱ्यावर, बुधवार.

रात्री वहीतलं वाक्य खोडलं.
सारखंच कुठं ओलं होतं अंग?
अठराशे एकसष्टात अमेरिकेत लढाई पेटली
आणि इकडे काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला.
चार वर्षांनी लढाई थांबली, भावही पडला.
एकाच पाण्यात कुणी हात धुतले, कुणी बुडालं.
ते पाणी मोजायला माप कुठलं लावायचं,
पुस्तकागणिक वेगळं सांगतात,
आणि सगळ्यांचीच मापं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाची.
सकाळी वाक्य परत लिहिलं. अम्माचं आहे, राहू दे.

आमच्या घरात विकतचा टॉवेल कधी आला नाही.
जे देश नाकारायचे, ते अम्मा शेकडा भावात उचलायची :
एक कड तिरकी, कुठे फणी चुकलेली,
कुठे परक्या लिपीतलं नाव उलटं विणलेलं.
अप्पा जर्मनीनं तोंड पुसायचे.
माझी सगळी परीक्षा जपानात गुंडाळलेल्या डब्यावर झाली.

मंगळवारी तास आहे. लाईट नाही, पंखा बंद.
फळ्यावर तीन दालनं काढते, चौथं काढताना खडू मोडतो.
डस्टर कुणीतरी नेलंय.
पिशवीतून अम्माचा एक नापास तुकडा काढते
आणि फळा पुसते.
जोरात. खडूची धूळ पहिल्या बाकापर्यंत.
तय्यबा शिंकते, हसते,
आणि आज दारापासून दोन बाकं पुढे येऊन बसते.