हाताळते

सोहार बंदरामागच्या शेडमध्ये
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि मी तासभर एका वाक्यापाशी अडलोय:
"हे साधन ऑर्डर हाताळते."

दिसायला काय वाईट आहे?
मीच लिहिलं होतं, गुरुवारी, जेवायला उठायच्या घाईत.
एजंटने वाचलं आणि हाताळल्या.
एकेचाळीस ऑर्डरी, पहाटे तीन ते तीन सोळा,
पंपाची सीलं, वॉशर, एक अख्खा गिअरबॉक्स,
सगळ्या रद्द.
त्याला कुणी एवढंच विचारलं होतं
की माल कुठवर आलाय.

यंत्राची चूक, असं म्हणून बघितलं मी.
मुंधिर साहेबांनी लॉग उघडला,
काही न बोलता बोट ठेवलं
माझ्या क्रियापदावर.
इंग्रजी होतं ते. घरी नेऊन मराठीत घालून पाहिलं,
तरी तेवढंच ढगळ.
बाजारात बाई वांगी हाताळते, घेत नाही.
वकील खटला हाताळतो, मुलं म्हातारी होईस्तोवर.
कुठला हात, किती जोराने,
शब्दाला काही विचारायची सोय नाही.

मीरदाद असता तर हसला असता.
जुन्या यार्डात हत्यारखोली सांभाळायचा, बलुची माणूस,
प्रत्येक खुंटीखाली डब्याच्या पत्र्याची पाटी,
मोडक्या हिंदीत, लाल रंगाने:
बत्तीसचा पाना. बत्तीसच्याच नटाला.
हातोडा नाही.
आम्ही चेष्टा करायचो, हातोडा नाही हे काय लिहायचं, चाचा?
तो म्हणायचा, ज्याला घाई आहे
त्याला जे हातात येईल तो हातोडा.
आणि खाली, बारीक, खिळ्याने कोरलेलं:
दात झिजलेत, जोर लावू नको.

माझ्या पहिल्या कार्डावर
धंद्याच्या रकान्यात होतं: सामान्य मदतनीस.
दोन शब्द, एक शिक्का, घामेजलेला फोटो.
तेवढ्यावर मला अकरा वर्षं वापरलं.
आधी गोण्या. मग वायरिंग.
मग शेठच्या मेहुण्याची गाडी, शुक्रवारची.
एकदा रात्री टाकीत उतरवलं, मास्क नव्हता,
आणि माझ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं
की हा यासाठी नाही.
गुहागरला फोनवर मी म्हणायचो, ऑफिसचं काम असतं.
तेही वर्णनच.

तर पुन्हा.
"ऑर्डर-रद्द. एक ऑर्डर रद्द करते. एकच.
आठ आकडी क्रमांक लागतो,
नावावरून अंदाज बांधू नको.
रद्द झालेली परत येत नाही.
माल कुठे आहे एवढंच कुणी विचारत असेल
तर हे नव्हे, शेजारचं घे."

आणि शेजारचं:
"माल-कुठे. फक्त बघते, कशाला हात लावत नाही.
शून्य आलं तर माल नाही.
रिकामं आलं तर ठाऊक नाही.
ही दोन उत्तरं एक समजू नको."

इथे बोटं थांबली.
गेल्या गणपतीत लेकीने विचारलं होतं,
बाबा, दिवाळीला येताय ना?
रजेचं कळलं नव्हतं, मी गप्प राहिलो.
माझं उत्तर रिकामं होतं.
तिने शून्य वाचलं.
नंतर तिने विचारायचंच सोडलं,
आणि त्याची नोंद कुठल्या लॉगमध्ये बघायची
मला माहीत नाही.

ठिबक. बादली भरत आली.
बाहेर क्रेनचे दिवे फिके पडतायत.
चहावाला पोरगा आला, सिल्हेटचा, शाहजलाल,
साखर किती, विचारतो.
मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतो,
नेहमीसारखी.
तो उभाच.
कालच लागलाय कामाला.

दीड चमचा, मी म्हणतो. ढवळू नको.
आणि ती बादली तेवढी—
नाही, थांब,
ते तुझं काम नाही.